महादेवाचा डोंगर आणि सुटीचा प्रवास

सुटीत कोठे जावे, हा प्रश्न वाटतो तितका जुना नाही. मनुष्य हजारो वर्षे प्रवास करीत आला आहे. परंतु कामावरून सुटका झाली म्हणून, अनेक स्थळांतून एक निवडून, केवळ मन रमविण्यासाठी सहकुटुंब घराबाहेर पडणे ही कल्पना आपल्याकडे शे-दीडशे वर्षांपलीकडे जात नाही. तिचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे 1828 साली सर जॉन माल्कमने वसविलेले महाबळेश्वर आणि 1850 साली मॅलेटने शोधलेले माथेरान एवढ्यावर बहुधा समाधान मानले जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींतून तोच इतिहास पाहू गेल्यास मात्र तो बराच निराळा दिसतो.

हा मुलूख मध्य प्रदेशात असला तरी बोलतो मराठी. 5 ऑक्टोबर 2023 रोजी छिंदवाडा जिल्ह्यातून या दोन तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. काळी जमीन, कापूस, संत्र्याचे बगीचे, जाम आणि कन्हान या नद्या, आणि उत्तरेस एकदम उंचावत गेलेला सिल्लेवानीचा घाट, असे या भागाचे रूप आहे. घाट चढून गेले की भाषा बदलते, हवा बदलते आणि पिकेही बदलतात. भूगर्भशास्त्रज्ञांना सौसर हे नाव आणखी एका कारणासाठी ठाऊक आहे: मॅंगनीजच्या खनिजाबद्दल प्रसिद्ध असलेल्या एका प्राचीन खडकसमूहास त्यांनी याच तहसिलीचे नाव दिले. पांढुर्ण्याचे नाव बाहेर गाजते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात, पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये होणाऱ्या गोटमारीमुळे. एखाद्या गावाची ओळख दरवर्षी फुटणाऱ्या डोक्यांवरून व्हावी हे त्या गावाचे दुर्दैवच म्हणावे लागेल. कारण या परिसरात पाहण्यासारखे व सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

येथील माणूस पूर्वी कोठे जावयाचे हे निवडीत नसे. ते पंचांगाने व शेतीने ठरविलेले असे. वर्षात दोन मोठ्या वाऱ्या. पहिली माघातल्या महाशिवरात्रीची, महादेवाची. विदर्भातील खेड्यापाड्यांतून खांद्यावर त्रिशूळ घेतलेल्या भाविकांच्या टोळ्या सातपुडा चढून पचमढीच्या चौरागडाकडे निघत. नवस फेडावयाचा तर त्रिशूळ वाहून न्यावयाचा, आणि नवस मोठा असेल तर त्रिशूळही जड, असा हिशेब. वाटेवर जुन्नरदेव येथे ‘पहिली पायरी’ म्हणून ओळखले जाणारे शिवस्थान आहे. तेथून प्रत्यक्ष चौरागड पुष्कळ दूर असता त्यास पहिली पायरी म्हणावे, यातच पायी चालणाऱ्याचे मन प्रकट होते. त्याच्या लेखी देवस्थान म्हणजे शिखरावरचे देऊळ एवढेच नव्हे; सगळा सातपुडा हाच त्याचा जिना. चौरागडाच्या अखेरच्या चढावर आज सुमारे तेराशे पायऱ्या आहेत आणि माथ्यावर भाविकांनी वाहिलेल्या त्रिशुळांचे रानच उभे आहे.

दुसरी वारी श्रावणातील, नागपंचमीच्या सुमाराची, नागद्वारीची. धूपगडाच्या अंगाने खोल दऱ्यांत उतरून, चिंब पावसात, निसरड्या कड्यांवरून नागदेवतेच्या गुहांपर्यंत जावयाचे. या वारीत आजही विदर्भाचे आणि सौसर-पांढुर्ण्याकडचे मराठी लोकच मोठ्या संख्येने असतात. पेरण्या आटोपलेल्या, पीक हाती यावयास अवकाश, अशा वेळी शेतकऱ्यास घरातून निघणे शक्य होते. म्हणजे सुटी ही वस्तू त्यालाही ठाऊक होती. फक्त ती मालकाने किंवा सरकारने दिलेली नसून ऋतूने दिलेली होती. ज्यांना इतके दूर जाणे झेपत नसे त्यांना सौसरजवळ जामसावळीचा निद्रिस्त मारुती होता, मुलताईस तापीचे उगमकुंड होते, रामटेक होते. मुलताईची एक गंमत आहे. त्या परिसरात उगम पावणारी तापी पश्चिमेस जाऊन सुरतेजवळ समुद्रास मिळते, तर त्याच पठारावर जन्मलेली वर्धा दक्षिणेस वळून अखेर गोदावरीच्या पाण्यातून बंगालच्या उपसागरात जाते. एका पठारावरचा पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचण्यापेक्षा तेथे उभे राहून समजून घेणे सोपे.

महादेवाच्या या डोंगरांत एक मराठी राजाही येऊन गेला; मात्र देवदर्शनास नव्हे व हवापालटासाठीही नव्हे. 26 व 27 नोव्हेंबर 1817 रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांकडून पराभव झाला. पुढच्याच वर्षी आप्पासाहेब भोसले यांस कैद करून उत्तरेकडे नेले जात असता मे महिन्यात ते पहाऱ्यातून निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत शिरले. तेथील गोंड जमीनदारांनी, विशेषतः हर्रईच्या चैनशहाने, त्यांना आश्रय दिला. इंग्रजांच्या पलटणींना त्या दऱ्याखोऱ्यांत माणूस सापडेना. पावसाळा गेला, हिवाळा गेला. 1819 च्या आरंभी चारी बाजूंनी फौजा आत शिरू लागल्या तेव्हा आप्पासाहेब असीरगडाकडे निघून गेले. त्यांच्याबरोबर असलेला पेंढारी चितू याच सुमारास रानात वाघाच्या तोंडी सापडला. असीरगडही एप्रिलमध्ये पडला. आप्पासाहेब पंजाबात आणि शेवटी जोधपुरास गेले व तेथेच 1840 साली वारले. पचमढीस जाणाऱ्या हजारो नागपूरकरांपैकी किती जणांस हे स्मरते? धबधब्यांची नावे त्यांस पाठ असतात.

इंग्रजांस हा डोंगर प्रथम ठाऊक झाला तो असा, पाठलागाच्या निमित्ताने. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी त्यांनी तो पुन्हा पाहिला आणि या वेळी त्यांची दृष्टी पालटली होती. 1861 साली मध्य प्रांत निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी ठरली. नागपूरच्या वैशाखाचे वर्णन करण्याचे कारण नाही. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ या वनाधिकाऱ्यास चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याने पचमढीच्या पठारावर पाठविले. फॉर्सिथने पचमढी 1857 साली शोधली असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. परंतु ‘बायसन लॉज’ हे पठारावरील पहिले सरकारी घर बांधावयास तो तेथे गेला ते 1862 साली, आणि 1857 च्या धामधुमीत कोणी निवांतपणे थंड हवेची जागा शोधीत फिरत असेल हे एरवीही पटण्याजोगे नाही. त्याचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील पुस्तक 1871 साली, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. ते आजही वाचनीय आहे.

‘शोधली’ हा शब्दच येथे तपासून घ्यावा लागतो. ज्या पठारावर शेकडो वर्षे यात्रा भरत होती, ज्याच्या पाच मढ्यांवरून त्यास नाव पडले, जेथील खडकांवर इतिहासपूर्व माणसाने चित्रे काढून ठेवली आहेत, ते पठार कोणी शोधावयाचे राहिले होते असे नाही. त्याची मालकी कोरकू ठाकुराकडे होती. नवे होते ते त्याकडे पाहण्याचे मोजमाप. यात्रेकरूने पाहिले ते देवाचे ठाणे. आप्पासाहेबांनी पाहिला तो आडोसा. फॉर्सिथच्या सरकारने पाहिली ती समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार फूट उंची, सपाट मैदान, बारमाही पाणी, आणि मैदानी तापापासून सुटका. गोऱ्या शिपायांसाठी आरोग्यधाम करावयास याहून चांगली जागा प्रांतात नव्हती. 1870 साली इटारसी-जबलपूर लोहमार्ग पुरा झाला, पिपरिया हे पायथ्याचे स्थानक झाले, आणि पचमढीचे नशीब ठरले. 1875 साली प्रोटेस्टंटांचे व 1892 साली कॅथलिकांचे देऊळ तेथे उभे राहिले. दरीखोऱ्यांस साहेबांची व मडमांची नावे मिळाली. उन्हाळ्यात नागपूरचे सरकार, दप्तरे व कारकून यांच्यासह, डोंगरावर जाऊ लागले.

याच सुमारास जंगल राखण्याचे कायदे आले. पचमढीच्या पायथ्याचे बोरीचे रान 1865 साली राखीव झाले. भारतातील अगदी आरंभीच्या राखीव वनांत त्याची गणना होते. सागाचे व सालाचे जे उत्तम रान आज तेथे दिसते ते टिकले याचे श्रेय या धोरणास द्यावेच लागेल. मात्र रान जाळून त्या राखेत कोदो-कुटकी पेरणाऱ्या कोरकू व गोंड कुटुंबांना त्या रानात एकाएकी परके व्हावे लागले, हेही त्याच खात्यावर लिहिले पाहिजे. सुटीच्या स्थळाची निवड ही कोणाच्या तरी घराची निवड असते. हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही आणि पुढेही फारसा विचारला गेला नाही.

वऱ्हाडची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. 1823 साली हैद्राबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचे पठार पाहिले. शेजारीच गाविलगड, जो 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीने भोसल्यांकडून जिंकून घेतला होता. वऱ्हाडच्या साहेबांनी चिखलदरा आपलासा केला, तेथे कॉफीही लावून पाहिली व ती रुजली. 1903 साली वऱ्हाड मध्य प्रांतास जोडला गेला तेव्हा एकाच सरकारास दोन थंड हवेची ठिकाणे लाभली. थोरलेपण पचमढीकडेच राहिले.

आता पांढुर्णा-सौसरकडे वळू. साहेब उत्तरेस डोंगरावर जात असताना येथील सुशिक्षित मनुष्य दक्षिणेस शहरात जाऊ लागला होता, आणि याचे कारण आगगाडी. सौसरहून नागपूर-छिंदवाडा ही अडीच फुटी रुंदीची लहान गाडी जात असे. बंगाल-नागपूर रेल्वेने सातपुड्यात टाकलेल्या अरुंद मार्गांच्या जाळ्यातील हा एक धागा. सौसर ते नागपूर अंतर पासष्ट किलोमीटरच्या आसपास. पण गाडी आपल्या मर्जीने चाले. उत्तरेस छिंदवाड्याकडे जाताना रामाकोना आणि उमरानाला यांच्यामधील घाटात ती रानातून वळसे घेत चढे, आणि पावसाळ्यात कुकडीखापा धबधब्याच्या परिसरातून जाताना प्रवाशांचे डोळे खिडकीबाहेर खिळून राहत. पांढुर्ण्यास मोठी गाडी मिळाली ती 1923-24 मध्ये, नागपूर-इटारसी मार्ग तयार झाला तेव्हा. पुढे 1929 साली काझीपेठ-बल्लारपूर दुवा जुळून दिल्ली-मद्रास हा सरळ मार्ग खुला झाला आणि पांढुर्णा देशाच्या मुख्य रस्त्यावर आले. एका तहसिलीस लहान गाडी, दुसरीस मोठी. स्वभावातही तसाच फरक पडला असे तिकडचे लोक थट्टेने म्हणतील तर ते अगदीच खोटे ठरणार नाही.

शाळेस सुटी लागली की मुलांना घेऊन नागपूर पाहावयास जाणे, हा या दोन्ही गावांचा आवडता बेत झाला. नागपुरात पाहावयाचे ते काय? 1863 साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, ज्यास सर्वजण ‘अजब बंगला’ म्हणतात, महाराजबाग व तेथील प्राणी, सीताबर्डीचा किल्ला, अर्थात बाहेरून, जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेल्या एम्प्रेस गिरणीचा भोंगा, आणि बाजार. खेड्यातल्या मुलाने विजेचा दिवा, दुमजली दुकान आणि पेंढा भरलेला वाघ एकाच दिवशी पाहिला तर त्यास शहर हीच एक अद्भुत वस्तू वाटावी यात नवल नाही. डोंगर, रान व खरा वाघ तर त्याच्या घरामागेच होता. तो पाहावयास तिकीट काढून कोणी येईल, ही कल्पना त्यास हास्यास्पद वाटली असती.

डोंगरावरच्या त्या थंड हवेत राजकारण मात्र काही थंड झाले नाही. 1937 साली मध्य प्रांतात डॉ. ना. भा. खरे यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. त्यात मराठी नागपूर-विदर्भ आणि हिंदी महाकोशल यांचे मंत्री एकत्र होते व त्यांचे जमेना. मे 1938 मध्ये सरकार उन्हाळ्यासाठी पचमढीस असताना सरदार पटेल, मौलाना आझाद व जमनालाल बजाज तेथे गेले आणि मंत्र्यांमध्ये तडजोड घडवून आणण्यात आली. ती दोन महिनेही टिकली नाही. जुलैत डॉ. खरे यांस पायउतार व्हावे लागून पं. रविशंकर शुक्ल मुख्य झाले. दोन भाषांचा प्रांत एकत्र नांदणे कठीण आहे, याची ती ठळक खूण होती.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात आणि 1960 साली महाराष्ट्रात गेले. सौसर व पांढुर्णा मात्र छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. हा सगळा व्यवहार सुटीच्या प्रवासाच्या दृष्टीने पाहिला तर मोठा चमत्कारिक आहे. नागपूरकरांची पचमढी गेली. त्यांना चिखलदरा उरला आणि तो एकाएकी ‘विदर्भाचे नंदनवन’ ठरला. सौसरकरांची राजधानी मात्र पासष्ट किलोमीटरवरून उठून भोपाळास गेली. त्यांची सोयरीक, बाजार, दवाखाना नागपूरचाच राहिला. सरकारी कागद तेवढा उत्तरेकडून येऊ लागला. महादेवाचा डोंगर त्यांच्याच राज्यात राहिला खरा, पण पचमढीच्या पाट्या, मार्गदर्शक पुस्तके व बाजारातील बोली यांत मराठी विरळ होत गेली. नागद्वारीच्या दिवसांत मात्र ते गाव आजही काही काळ अर्धे मराठी होते.

नकाशावर रेघ ओढली गेली की रेघेलगतच्या गोष्टी कोणाच्याच राहत नाहीत, याचे ढळढळीत उदाहरण म्हणजे देवगड. छिंदवाड्याच्या दक्षिणेस, मोहखेड तहसिलीत, घनदाट रानातल्या एका सुळक्यावर हा गोंडांचा किल्ला आहे. येथला जाटबा राजा अकबराच्या काळातला. आइन-इ-अकबरीत त्याचा उल्लेख आहे. याच घराण्यातील बख्त बुलंदशहाने बारा वाड्या एकत्र करून 1702 साली नागपूर शहराचा पाया घातला. अठराव्या शतकाच्या मध्यास रघूजी भोसल्यांनी हे राज्य आपल्या हाती घेतले. म्हणजे नागपूरचे मूळ घर देवगड. असे असूनही नागपुरातील शाळांच्या सहलींच्या याद्यांत देवगडचे नाव क्वचितच सापडेल. ते दुसऱ्या राज्यात आहे ना! भोपाळच्या दृष्टीने तर तो अगदीच कोपरा. ‘आठशे विहिरी, नऊशे बावड्या’ अशी देवगडची ख्याती त्या भागात सांगतात. आकडा लोकांचा आहे, मोजणाऱ्याचा नव्हे. पण गाळाने व झाडोऱ्याने बुजलेल्या कितीतरी दगडी बावड्या अलीकडच्या काही वर्षांत उकरून साफ करण्यात आल्या आणि त्यांत पुन्हा पाणी दिसू लागले, ही गोष्ट खरी. किल्ल्यावरच्या मोतीटाक्याच्या काठी उभे राहिले की इतक्या उंचीवर पाण्याची बेगमी करणाऱ्यांच्या बुद्धीचे कौतुक वाटते.

पातालकोटविषयी सावधपणे बोलावे. तामियाच्या पुढे जमीन एकाएकी खचल्यासारखी बाराशे ते पंधराशे फूट खोल गेली आहे आणि तळाशी दूधी नदीच्या खोऱ्यात भारिया व गोंड लोकांची बारा गावे आहेत. काठावरून दिसणारे दृश्य अपूर्व आहे. पण ते वर्णन करताना ‘जगापासून तुटलेले लोक’, ‘सूर्य न दिसणारी दरी’ अशी जी भाषा वापरली जाते ती पाहुण्यांची हौस आहे. तेथील माणसे बाजारास वर येतात, मीठ व कापड नेतात, मध, चारोळी व जडीबुटी विकतात, आणि सूर्यही इतरांइतकाच ओळखतात. माणसे पाहावयाची म्हणून तेथे जाऊ नये. दरी पाहावयास खुशाल जावे.

रानांचेही असेच झाले. मेळघाट हा 1973-74 मधील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. महाराष्ट्रातील पेंच 1975 साली राष्ट्रीय उद्यान झाले, सातपुडा 1981 साली, मध्य प्रदेशातील पेंच 1983 साली. किप्लिंगच्या मोगलीची गोष्ट सिवनीकडच्या रानात घडते, म्हणून जगभरचे पाहुणे पेंचला येतात. पचमढीचा परिसर 1999 साली जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि 2009 साली युनेस्कोने त्यास मान्यता दिली. नागद्वारीची वाट आता व्याघ्रप्रकल्पातून जाते. तेव्हा वर्षातून जेमतेम दहा दिवस ती यात्रेकरूंस खुली होते. पावसाळ्यात जंगल पाहणाऱ्यांच्या जीपगाड्या बंद असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत, रानातून, डोक्यावर पोती पांघरून भिजत चाललेले शेतकरी दिसतात. रानाचा हा जुना आणि नवा वाटेकरी एकमेकांस भेटतसुद्धा नाहीत.

2015 च्या अखेरीस सौसरची लहान गाडी बंद झाली. तिच्या जागी आता मोठ्या मापाचा लोहमार्ग आहे. वेळ पुष्कळ वाचतो. तिची आठवण ज्यांस पाहावयाची आहे त्यांच्यासाठी नागपुरात मोतीबागेस 2002 पासून लहान गाड्यांचे संग्रहालय आहे, आणि सौसरची मुले तेथे जुने इंजिन पाहावयास मोठ्या गाडीने जाऊ शकतात.

यंदा कोठे जावे असे या मुलखातील कोणी विचारलेच, तर उत्तर महिन्यावर अवलंबून राहील. श्रावण-भाद्रपदात कन्हानवर नारायणघाटाजवळचा लिलाहीचा धबधबा. तो पांढुर्ण्याहून मोहखेडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाने गाठता येतो आणि तेथे अद्याप गर्दी नसते. खडक शेवाळलेले असतात, तेव्हा मुलांचा हात सोडू नये. दिवाळीच्या सुटीत देवगड. सकाळी लवकर चढावे, पाणी व शिदोरी बरोबर न्यावी, कारण वर काही मिळण्याचा भरवसा नाही. पौषात हुरड्याचे निमित्त काढून नागपूरच्या पाहुण्यांनाच इकडे बोलवावे. चैत्र-वैशाखात पचमढी, पण धूपगडाच्या सूर्यास्ताइतकाच वेळ खडकांवरील चित्रांस द्यावा. ज्यांच्या बागेत आंबिया बहराची संत्री आहेत त्यांना उन्हाळ्यात बाहेर पडता येत नाही. झाडाला पाणी द्यावे लागते. त्यांनी पूर्वीप्रमाणे नागपंचमीचा मुहूर्त धरावा. त्या दिवसांत पांढुर्ण्या-सौसराकडून पचमढीकडे भरभरून गाड्या निघतात, आणि जागा उभ्याची का होईना, मिळते.